हरवलेला प्रवास, सांपडलेलें संगीत

प्रसंगासाठीं रचलेली कलाकृति प्रसंगाबरोबरच मावळावी, हा बहुधा जगाचा नियमच आहे. राज्याभिषेकाचीं कवनें, राजपुत्रांच्या विवाहाचीं नाटकें, विजयोत्सवाचीं गीतें हीं ज्या रोषणाईंत जन्मास येतात, तिच्याबरोबरच तीं विझतात. आणि त्याबद्दल कोणी फारसें हळहळतही नाहीं. परंतु क्वचित् असें घडतें कीं, दरबारी खुशामतीच्या पोटीं एखादें अस्सल रत्न निपजतें. मग त्या रत्नाचें काय करावयाचें, हा प्रश्न प्रथम त्याच्या कर्त्यालाच पडतो. जोआकिनो रोसिनी ह्या इटालियन संगीतकारानें तो एका रीतीनें सोडविला. दीडशें वर्षांनंतर कांहीं संशोधकांनीं व गायकांनीं तो अगदीं उलट रीतीनें सोडविला. दोघांपैकीं कोणाचें बरोबर, ह्याचा निर्णय ‘इल व्हियाज्जो आ रँस’ म्हणजे ‘रँसचा प्रवास’ ह्या विनोदी ऑपेराच्या ध्वनिमुद्रिका ऐकून आज ज्याचा त्याला करतां येतो. त्या ऑपेराची ही हकीकत आहे.

‘बेल कांतो’ ह्या इटालियन शब्दांचा अर्थ ‘सुंदर गायन’ एवढाच. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत रोसिनी, बेल्लिनी व दोनिझेत्ती ह्या त्रयीनें ज्या पद्धतीचे ऑपेरा लिहिले, त्या पद्धतीला हें नांव आतां रूढ झालें आहे. तींत नाट्याचा बहुतेक भार कंठावर असतो. आधीं दीर्घ श्वासाचें संथ पद, मागाहून त्याचाच जोडीदार असा द्रुत भाग, आणि दोहोंत गायकानें आपल्या बुद्धीनें घातलेल्या ताना व अलंकार, अशी साधारणतः पदाची ठेवण असते. ज्यांचे कान संगीत नाटकांवर पोसलेले आहेत त्यांस ही आवड परकी वाटूं नये. भेद इतकाच कीं, आपल्याकडे जेथें गद्य संवाद येतात तेथें इटालियन ऑपेरांत बोलणेंही सुरांतच चालतें. पुढें युरोपची अभिरुचि बदलली. भव्य वाद्यवृंद आणि त्याच्यावर मात करणारे दणकट आवाज ह्यांचे दिवस आले, व ही नाजुक कला मागें पडली. रोसिनीच्या ३९ ऑपेरांपैकीं विसाव्या शतकाच्या आरंभीं ‘सेव्हिलचा न्हावी’ हा एकच काय तो सर्वत्र खंबीरपणें उभा राहिलेला दिसत होता. बाकीचे नामशेष झाले नव्हते, तरी नाममात्र खासच झाले होते.

त्यांतही ‘रँसचा प्रवास’ ह्याची कथा निराळी. सन १८२४ मध्यें रोसिनी पॅरिसला स्थायिक झाला आणि तेथील इटालियन नाट्यगृहाचीं सूत्रें त्याच्या हातीं आलीं. त्याच वर्षीं फ्रान्सचा राजा अठरावा लुई मरण पावला व त्याचा भाऊ दहावा शार्ल ह्या नांवानें गादीवर आला. क्रांतीनें मोडलेली जुनी परंपरा पुन्हां उभारण्याची ह्या राजाला मोठी हौस. म्हणून प्राचीन काळापासून जेथें फ्रेंच राजांचे अभिषेक होत आले होते, त्या रँस शहराच्या मंदिरांत २९ मे १८२५ रोजीं त्यानें मोठ्या थाटानें स्वतःस अभिषेक करवून घेतला. तेथें झालेला हा शेवटचाच राज्याभिषेक होय. ह्या उत्सवानिमित्त रोसिनीनें एक ऑपेरा लिहावा असें ठरलें, आणि १९ जून १८२५ रोजीं राजासमोर त्याचा पहिला प्रयोग झाला. संहिता लुइजी बालोक्की ह्यानें लिहिली होती, आणि तिला मादाम द स्ताएल ह्या विदुषीच्या ‘कोरिन’ ह्या कादंबरीचा आधार होता.

कथानक पाहूं जातां तें जवळ जवळ नाहींच, आणि त्यांतच त्याची सारी गंमत आहे. प्लोंबियेर ह्या उष्णोदकाच्या झऱ्यांच्या गांवीं ‘सोनेरी लिली’ नांवाचा एक पथिकाश्रम आहे. निरनिराळ्या राष्ट्रांचे प्रतिष्ठित लोक राज्याभिषेकास जाण्यासाठीं तेथें जमले आहेत. फ्रेंच विधवा सरदारीण, रशियन सेनापति, त्याला झुलविणारी पोलिश मानिनी, स्पॅनिश आरमारी सरदार, मुखदुर्बळ इंग्रज, संगीताचें वेड असलेला जर्मन, जुन्यापुराण्या वस्तूंवर जीव टाकणारा विद्वान्, रोमची शीघ्रकवयित्री कोरिना, आणि ह्या सर्वांची व्यवस्था पाहतां पाहतां मेटाकुटीस आलेली यजमानीण. फ्रेंच सरदारणीची कपड्यांची गाडी वाटेंत उलटते व ती मूर्च्छित पडते. परंतु एक टोपी शाबूत राहिल्याचें कळतांच ती अशा गंभीर उदात्त सुरांत ईश्वराचे आभार मानते कीं, जणूं बुडत्या गलबतांतून तिचें मूलच वांचलें आहे! इतक्यांत बातमी येते कीं, सबंध मुलुखांत कोठेंही भाड्यानें घोडे मिळत नाहींत. म्हणजे प्रवास रद्द. ह्या आकस्मिक आघातानें चौदा कंठ एकदम वाद्यांच्या साथीवांचून दुःखोद्गार काढूं लागतात. चौदा स्वतंत्र स्वरांचें हें एकत्र गुंफण रोसिनीच्या चातुर्याचा कळस मानलें जातें. शेवटीं पॅरिसला परतणाऱ्या राजाचे सोहळे तेथेंच जाऊन पाहावे असें ठरतें, आणि साठविलेल्या पैशांतून त्याच रात्रीं मेजवानी होते. मेजवानींत प्रत्येकजण आपआपल्या देशाच्या वळणाचें गीत गातो. जर्मन गृहस्थ हायडनच्या राष्ट्रगीताची चाल घेतो. इंग्रजाला एकच गाणें येत असतें व तें अर्थातच त्याच्या राजाचें. अखेर चिठ्ठी टाकून निघालेल्या विषयावर, म्हणजे दहाव्या शार्लवर, कोरिना वीणेच्या साथीनें कवन रचते आणि पडदा पडतो. रँसला मात्र कोणीच जात नाहीं.

वॉटर्लूच्या लढाईला अवघीं दहा वर्षें झालीं होतीं. कालपरवांपर्यंत एकमेकांचे गळे कापणारीं राष्ट्रें एका जेवणाच्या मेजाभोंवतीं बसून आळीपाळीनें गात आहेत, ह्या कल्पनेंत थट्टा आहे तशी एक कोंवळी आशाही आहे. राजस्तुतीचा मजकूर काढून टाकला तरी हा मेजवानीचा प्रसंग शिल्लक राहतो, हें येथें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

त्या रात्रीचा गायकवर्ग म्हणजे त्या काळच्या युरोपांतलें उत्तमांतलें उत्तम होतें. कोरिनेचें काम ज्यूदित्ता पास्ता हिचें. हिच्याचसाठीं पुढें बेल्लिनीनें ‘नोर्मा’ लिहिला. दोन्झेल्ली, बोर्दोन्यी, लव्हासर, झुक्केल्ली, लॉर सँती अशीं एकाहून एक नांवें तिच्या जोडीला होतीं. तीन उच्च स्त्रीस्वर, एक मंद्र स्त्रीस्वर, दोन तार पुरुषस्वर व चार खर्जाकडचे पुरुषस्वर, अशा दहा पहिल्या प्रतीच्या गायकांवांचून हा ऑपेरा उभाच राहत नाहीं. इतर कोणत्याही ऑपेराला असे तीनचार लागतात, येथें दहा! इतका खर्च आणि इतके मानापमान पेलणें राज्याभिषेकाच्या वेळींच शक्य होतें. चारच प्रयोग झाले. त्यांतला शेवटचा सप्टेंबरांत धर्मादायासाठीं झाला. त्यानंतर रोसिनीनें आपली रचना परत घेतली.

रोसिनी मोठा व्यवहारी पुरुष. चांगलें संगीत फुकट घालवणें त्याच्या स्वभावांतच नव्हतें. तीन वर्षांनीं, २० ऑगस्ट १८२८ रोजीं, पॅरिसच्या ऑपेरागृहांत त्याचा ‘ल कोंत ओरी’ हा फ्रेंच विनोदी ऑपेरा रंगभूमीवर आला. आणि ‘रँसच्या प्रवासां’तील जवळ जवळ निम्मी रचना त्यांत नव्या शब्दांवर बसविलेली होती. टोपीसाठीं हंबरडा फोडणाऱ्या सरदारणीचें पद तेथें एका विरही कुलस्त्रीच्या तोंडीं गेलें. विद्वानानें प्रवाशांच्या सामानाची यादी वाचण्याचें जें पद होतें, तें कोंताच्या एका सोबत्यानें तळघरांतील मद्याच्या शोधाची हकीकत सांगण्याला उपयोगीं पडलें. चौदा कंठांचा समूह सात गायक व कोरस ह्यांच्यांत वांटला गेला. जुन्या वाड्याचे दगड नव्या वाड्याला लावावे तसा हा प्रकार झाला. आणि नवा वाडा इतका सुंदर झाला कीं जुन्याची कोणालाच आठवण राहिली नाहीं. पुढें १८३० सालच्या जुलै महिन्यांतील क्रांतीनें राजालाही देशाबाहेर हांकलून दिलें. ज्याच्यासाठीं हें सारें झालें तोच नाहींसा झाल्यावर त्याच्या स्तुतिपाठाची वास्तपुस्त कोण करणार?

तरी उरलेल्या अवशेषांना दोनदां विलक्षण प्रसंगीं हालविण्यांत आलें. १८४८ सालीं पॅरिसमध्यें पुन्हां क्रांति झाली, तेव्हां ह्याच संगीताला ‘आंद्रेमो आ पारीजी?’ म्हणजे ‘पॅरिसला जाऊं या का?’ असें रूप देण्यांत आलें. राज्याभिषेकास निघालेले प्रवासी आतां क्रांतीचे मोर्चे पाहावयास निघाले! १८५४ मध्यें ऑस्ट्रियाचा सम्राट् फ्रान्झ योसेफ व एलिझाबेथ ह्यांच्या विवाहानिमित्त तेंच व्हिएन्नांत ‘व्हिएन्नाचा प्रवास’ ह्या नांवानें झालें. रोसिनी त्या दोन्ही वेळीं इटलींत होता. राजा असो कीं राजाला पदच्युत करणारे असोत, दोघांच्याही उत्सवाला हें संगीत सारखेंच शोभलें. हें त्याच्या खुशामतखोरपणाचें लक्षण समजावें कीं त्याच्या स्वतंत्रपणाचें, हें वाचकांनींच ठरवावें. त्यानंतर सवाशें वर्षें सर्व सामसूम झाली.

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासांतला एक चमत्कार येथें नमूद केला पाहिजे. १९५६ सालीं इंग्लंडांतील ग्लाइंडबोर्न येथील मंडळीनें व्हित्तोरिओ गुइ ह्या वृद्ध इटालियन संचालकाच्या हाताखालीं ‘ल कोंत ओरी’ मुद्रित केला. ती ध्वनिमुद्रिका ज्या हजारों रसिकांनीं घरीं बसून ऐकली, त्यांनीं ‘रँसच्या प्रवासा’चा मोठा भाग ऐकलाच होता, मात्र आपण काय ऐकत आहों हें त्यांना ठाऊक नव्हतें. हरवलेली वस्तु डोळ्यांसमोर असावी, पण दुसऱ्याच्या पोषाखांत असल्यामुळें ओळखूं येऊं नये, तशांतली ही गोष्ट.

ओळख पटविण्याचें काम १९७० नंतरच्या दशकांत सुरू झालें. रोमच्या सांता चेचीलिया संगीतसंस्थेच्या ग्रंथालयांत रोसिनीच्या स्वतःच्या हातचीं कांहीं पानें सांपडलीं. हीं पानें म्हणजे ‘ल कोंत ओरी’मध्यें ज्यांचा उपयोग केला गेला नव्हता तेच भाग होते: इंग्रज सरदाराचें बांसरीच्या साथीचें प्रणयगीत, पोलिश मानिनी व रशियन सेनापति ह्यांचें द्वंद्वगीत, कोरिनेचीं वीणेवरचीं कवनें आणि शेवटची मेजवानी. उरलेला भाग ‘ल कोंत ओरी’वरून अदमासानें घेतां येण्यासारखा होता, पण अदमास म्हणजे प्रमाण नव्हे. म्हणून पॅरिसमध्यें राहिलेले वादकांचे सुटे कागद आणि व्हिएन्नांतील १८५४ च्या प्रयोगाचें साहित्य ताडून पाहावें लागलें. फिलिप गॉसेट ह्या अमेरिकन पंडिताच्या मार्गदर्शनाखालीं जॅनेट जॉन्सन ह्या विदुषीनें हा सांधा जुळविला, आणि पेझारो ह्या रोसिनीच्या जन्मगांवच्या रोसिनी प्रतिष्ठानानें त्याची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली. भांडारकर संस्थेनें महाभारताचे पाठ जुळवितांना जे कष्ट उपसले त्यांची ज्यांना कल्पना आहे, त्यांना ह्या कामाचें स्वरूप निराळें समजावून सांगावयास नको. येथें एका संहितेच्या अनेक प्रती नव्हत्या. एकाच प्रतीचे तीन राजधान्यांत विखुरलेले तुकडे होते.

१८ ऑगस्ट १९८४ रोजीं पेझारोच्या रोसिनी महोत्सवांत हा ऑपेरा पुन्हां जन्मला. संचालक क्लाउदिओ आब्बादो. वाद्यवृंद ‘चेंबर ऑर्केस्ट्रा ऑफ युरोप’, म्हणजे अनेक देशांच्या तरुण वादकांचा, जणूं ‘सोनेरी लिली’मधील पाहुण्यांचाच मेळा. दिग्दर्शक लुका रोंकोनी ह्यानें गांवांतील रस्त्यांवरून राजाची मिरवणूक काढली आणि ती पडद्यांवर नाट्यगृहांतील प्रेक्षकांना दाखविली. प्रवासी राजाकडे जात नाहींत, तर राजाच त्यांच्याकडे येतो. गायकांची यादी १८२५ च्या यादीला शोभेल अशीच होती: चेचीलिया गास्दिया, लुचीया व्हालेंतीनी तेर्रानी, लेल्ला कुबेर्ली, कातिया रिच्चारेल्ली, फ्रान्सिस्को आराइझा, एदुआर्दो हिमेनेझ, सॅम्युएल रेमी, रुज्जेरो राइमोंदी, एन्झो दारा, लेओ नुच्ची. त्याच प्रयोगांच्या वेळीं ‘डॉइच ग्रामोफोन’ कंपनीनें ध्वनिमुद्रण केलें. तें तबकड्यांच्या आणि त्या वेळीं नवीनच आलेल्या कॉम्पॅक्ट डिस्कच्या रूपानें बाहेर पडलें, आणि ‘ग्रामोफोन’ ह्या इंग्रजी मासिकानें १९८६ सालची सर्वश्रेष्ठ ध्वनिमुद्रिका म्हणून तिचा गौरव केला.

ह्या ध्वनिमुद्रिकेचें महत्त्व इतर ध्वनिमुद्रिकांहून निराळें आहे. ‘सेव्हिलच्या न्हाव्या’ची कोणतीही मुद्रिका घ्या, ती एका जिवंत परंपरेची एक छबी असते. ती नसती तरी परंपरा चालूच राहिली असती. येथें परंपराच नव्हती. १८२५ चे गायक आपल्याबरोबर आपली गायकी घेऊन गेले. त्यांच्यापाशीं शिकलेला शिष्य नव्हता, कीं शिष्याचा शिष्य नव्हता. कागदावरचे सुर जागे कसे करावे, कोठें थांबावें, कोठें हंसवावें, हें सर्व नव्यानें ठरवावें लागलें. आणि जें ठरलें तें ह्या मुद्रिकेनें जगभर पसरविलें. एका अर्थानें पाहतां ही मुद्रिका ऑपेराची प्रत नसून ऑपेराचें दुसरें जन्मस्थानच होय.

ऐकतांना प्रथम लक्षांत येतो तो वाद्यवृंदाचा हलकेपणा. लहान वृंद असल्यामुळें बांसरी, सनईच्या जातीचीं वाद्यें, शिंगें हीं सगळीं सुटीं सुटीं ऐकूं येतात, आणि गायकाला ओरडावें लागत नाहीं. राइमोंदीनें केलेला विद्वान् ऐकावा. सामानाची यादी वाचतां वाचतां तो ज्याचें सामान त्याच्या देशाचा हेल उचलतो. क्षणांत जर्मन, क्षणांत स्पॅनिश, क्षणांत इंग्रज. रोसिनीनें चाल एकच दिली आहे. राष्ट्रें गायकानें आपल्या जिभेनें निर्माण केलीं. बेल कांतो म्हणजे नुसती गळ्याची कसरत नव्हे, हें ह्या एका पदानें पटतें. व्हालेंतीनी तेर्रानी व आराइझा ह्यांच्या द्वंद्वगीतांत रुसवा आणि मनधरणी इतक्या हळुवारपणें एकमेकींत मिसळतात कीं, थट्टेचें नाटक चालू आहे हें आपण घटकाभर विसरून जातों. आणि गास्दियाची कोरिना वीणेबरोबर गाऊं लागली म्हणजे तर दरबार, राजा, राज्याभिषेक हें सर्व कोठच्या कोठें विरून जातें.

आठ वर्षांनीं, १९९२ सालीं, आब्बादोनेंच बर्लिनमध्यें हाच ऑपेरा पुन्हां वाजविला, आणि ‘सोनी’ कंपनीनें तो मुद्रित केला. ह्या वेळीं जगप्रसिद्ध बर्लिन फिल्हार्मोनिक वृंद साथीला होता. व्हालेंतीनी तेर्रानी, रेमी, राइमोंदी व दारा हे जुने. बाकीचे बहुतेक नवे. दोन मुद्रिका लागोपाठ ऐकल्यास मोठा बोध होतो. बर्लिनचें वादन अधिक भरदार, अधिक चमकदार आहे. जुने गायक आपल्या भूमिकांत इतके मुरले आहेत कीं त्यांना मोकळेपणानें खेळतां येतें. पहिलींत शोधाचा आनंद आहे, दुसरींत परिचयाचा. आम्हांस विचाराल तर पहिलीच अधिक प्रिय वाटते. कारण तींत प्रत्येक गायक आपलें पद जणूं पहिल्यानेंच कानीं पडल्यासारखें गातो. तथापि दुसरी नसती तर ह्या संगीताला एकाहून अधिक अर्थ आहेत, हें कळलें नसतें. पुढें २००५ सालीं वालेरी गेर्गीएव्ह ह्यानें रशियन गायक घेऊन पॅरिसमध्यें केलेला प्रयोग चित्रमुद्रितही झाला, आणि एकट्या आब्बादोच्या छायेंतून ऑपेरा बाहेर पडूं लागला.

आतां मूळच्या प्रश्नाकडे वळूं. कर्त्यानें स्वतःच्या हातानें मोडलेली वस्तु दुसऱ्यांनीं जोडावी काय? ज्यानें पानें काढून दुसरीकडे लावलीं, त्याचा निर्णय अंतिम मानूं नये काय? ह्या आक्षेपांत तथ्य नाहीं असें नव्हे. ‘ल कोंत ओरी’ हा कर्त्याच्या संमतीनें जगलेला ग्रंथ आहे. ‘रँसचा प्रवास’ त्याच्या संमतीशिवाय. आणखी एक भय आहे. मुद्रिका वस्तु वांचविते तशी ती गोठवितेही. १९८४ च्या गायकांनीं जें केलें तेंच खरें, असें मानून पुढच्यांनीं त्यांची नक्कल केली, तर ज्या गायकीचा प्राणच गायकाच्या स्वतंत्र बुद्धींत आहे ती पुन्हां मरेल. आणि ह्या वेळीं ती विस्मरणानें न मरतां स्मरणानेंच मरेल.

तरीही निकाल जोडणाऱ्यांच्याच बाजूनें द्यावा लागतो. रोसिनीनें रचना परत घेतली, ती वाईट होती म्हणून नव्हे. प्रसंग सरला आणि दहा गायक पुन्हां जुळणें शक्य नव्हतें म्हणून. त्यानें उरलेलीं पानें जाळलीं नाहींत. प्रसंगाचें जोखड गेल्यावर कृतीचा खरा स्वभाव उघड झाला. शार्ल राजाचें नांव ऐकून आज कोणाचेंही हृदय उचंबळून येत नाहीं. उलट त्या स्तुतीकडे आपण कौतुकानें हंसून पाहूं शकतों. आणि मग राहतें तें एवढेंच: कांहीं भिन्नभाषी माणसें वाटेंत अडकलीं, जावयाचें तेथें गेलीं नाहींत, आणि जेथें होतीं तेथेंच त्यांनीं एकत्र बसून गाणें केलें.

दहा थोर गायकांची अट अजूनही तशीच असल्यामुळें मोठ्या नाट्यगृहांत हा ऑपेरा आजही विरळाच होतो. परंतु पेझारोला २००१ सालापासून एक चांगला पायंडा पडला आहे. महोत्सवाच्या विद्यालयांत शिकणारे तरुण गायक एमिलिओ साजी ह्याच्या दिग्दर्शनाच्या आधारें दर ऑगस्टांत ‘रँसचा प्रवास’ करतात. ज्यांचीं नांवें अजून कोणाला ठाऊक नाहींत अशीं मुलेंमुली पास्ता आणि दोन्झेल्ली ह्यांच्या जागीं उभीं राहतात. व्हालेंतीनी तेर्रानी १९९८ सालीं वारली, आब्बादो २०१४ सालीं, दारा २०१७ सालीं, गॉसेटही २०१७ सालींच. त्यांची मुद्रिका त्या मुलांनीं ऐकलेली असतेच. पण वर्ग बदलला कीं कंठ बदलतात, कंठ बदलले कीं ताना बदलतात. दीडशें वर्षांपूर्वीं तुटलेली गुरुशिष्यपरंपरा तबकडीला गुरु करून पुन्हां सुरू झाली आहे. आणि शिष्य गुरूची हुबेहूब नक्कल करीत नाहींत, हेंच तिच्या जिवंतपणाचें लक्षण होय.